पहिल्या पीयूसीतली (अकरावीतली) मुलगी: गंभीर मानसिक आजाराचा धोका लवकर ओळखण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी सतरा वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतल्या एका मराठी गावची. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही, घरातले नि कॉलेजातले बरेच तपशील बदललेत, आणि तिची नि घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहितेय. मी बेळगावात समुपदेशनाचं काम करते, ही केस माझ्याकडं कॉलेजातनं आली.

वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, आई घर नि शेत बघते, थोडा भात, थोडे काजू. धाकटा भाऊ नववीत. आणि घरात एक आत्या, वडिलांची सख्खी बहीण, चाळिशी ओलांडलेली, तिच्याबद्दल घरचे बाहेर कुणाजवळ बोलत नाहीत. आत्या ऐन विशीत बिघडली, लग्न मोडलं, गाणगापूर झालं, नरसोबाची वाडी झाली, गावातला देवऋषी झाला, एकदा कुठल्या तरी डॉक्टरकडनं गोळ्या आणल्या त्या महिनाभर खाऊन बंद केल्या, आणि त्यानंतर ती मागच्या खोलीतच असते, एकटी बोलते, हसते, कधी जेवते कधी नाही. हे सगळं आम्हाला पहिल्या भेटीत कुणी सांगितलं नाही, बऱ्याच उशिरा कळलं.

मुलगी हुशार. गावातल्या मराठी शाळेतनं एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, ९१ टक्के, तालुक्यात सत्कार, पेपरात फोटो. मग घरच्यांनी हौसेनं बेळगावात सायन्सला घातली. रोज गावातनं एसटीनं खानापूर, तिथनं दुसरी बस, घरातनं सकाळी सहाला निघायचं आणि अंधार पडल्यावर परत.

काय दिसत होतं

गणपतीच्या सुट्टीनंतर बायोलॉजीच्या मॅडमच्या लक्षात आलं की ही पहिल्या बाकावरनं शेवटच्या बाकावर गेलीय. मिड टर्मला दोन विषयात नापास. आता हे सीमाभागात कुणाला नवीन नाही. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मुलं अकरावीला एकदम इंग्लिशमध्ये फिजिक्स केमिस्ट्री ऐकतात, बाजूची पोरं कन्नडमध्ये बोलतात, ऑफिसात कागद कन्नडमध्ये, आणि पहिलं वर्षभर ही मुलं गार पडतात. स्टाफ रूममध्ये म्हणूनच सगळ्यांचं म्हणणं एक, दर वर्षीचंच आहे, दुसऱ्या वर्षी येतात वर.

मॅडमना मात्र ते पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं हे त्यांनी मला फार नेमकं सांगितलं. त्या म्हणाल्या, मार्क सगळ्यांचे पडतात हो, पण बाकीची पोरं मार्क पडले म्हणून रडतात, एकमेकींच्या नोट्स मागतात, कॅन्टीनला जाऊन खिदळतात. हिनं रडणं पण सोडलंय. जिच्याबरोबर पाचवीपासून डबा खाल्ला त्या मैत्रिणीशी बोलत नाही, केस विंचरलेले नसतात, तोच ड्रेस चार चार दिवस, आणि प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला इतका वेळ लावते की वर्ग हसायला लागतो. जर्नलच्या मागच्या पानांवर बसचे नंबर आणि वेळा लिहिलेल्या, बारीक अक्षरात, पानं भरून.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. लवकर ओळखणं म्हटलं की लोकांना वाटतं कानात आवाज येतात का ते बघायचं. आवाज बिवाज फार पुढची गोष्ट. आधी महिनोन् महिने दिसते ती पडझड, आणि ती शेजारच्या मुलाशी तुलना करून कळत नाही, त्याच मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी तुलना करावी लागते. झोप उलटी होणं, अंघोळ चुकणं, मित्र गळणं, आवडीचं सुटणं, बोलण्याचा धागा तुटणं, विनाकारण सावध राहणं. यातली एखादी गोष्ट कुठल्याही पोरात दिसेल. पण चार पाच गोष्टी एकदम आल्या आणि आठवड्यामागून आठवडे वाढतच चालल्या तर विचारायला हवं.

पहिला निर्णय: बोलावं की थांबावं

मॅडमसमोर दोन रस्ते होते. दिवाळीनंतर पालक सभा होती, तोवर थांबायचं, नाहीतर मुलीला आत्ताच बाजूला घेऊन विचारायचं. प्रिन्सिपॉलांचं म्हणणं थांबा, कारण मुलगी आहे, उगाच काहीतरी बोललं गेलं तर घरचे कॉलेज बंद करतील, आणि ही भीती खोटी नाही, आमच्याकडं मुलीचं शिक्षण सुटायला एवढंसं कारण पुरतं. म्हणून थांबले. त्यात जवळजवळ दोन महिने गेले.

पालक सभेला वडील आले, मॅडमनी मला बोलावून घेतलं. वडिलांना वाटलं होतं मुलीचं काही लफडं आहे, त्यांनी आदल्या रात्री तिचा फोन काढून घेतला होता. मी नि मॅडमनी त्यांना आजाराचं नाव घेऊन काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मुलगी आतनं त्रासात दिसतेय, झोपत नाहीय, आपण तिला एकदा दाखवू, आणि कॉलेज बंद करायचं नाही. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "मॅडम, हे घराण्यातनं येतंय काय?" तेव्हा मला कळलं की घरात काहीतरी आहे.

मुलगी काय म्हणाली

पहिल्या भेटीत वडील बाजूला बसून होते आणि मुलगी हो नाही यापलीकडं काही बोलली नाही. दुसऱ्या भेटीला आई आली, आईला बाहेर बसायला सांगितलं तेव्हा तिनं थोडं थोडं सांगितलं. मी हे तिच्याच बोलण्यात लिहिते: "बसमधी सगळी कन्नडमधी बोलतात नि हसतात, माझ्याबद्दलच बोलूलालेत असं वाटतंय. म्हणून मी बस बदलून बघितलं, दुसऱ्या बसमधी पण तसंच."

इथं थांबून विचार करायला लागतो. जिला कन्नड अर्धवट कळतं तिला भरल्या बसमध्ये आपल्यावर हसतात असं वाटणं यात आजार काहीच नाही, सीमाभागात राहणाऱ्या कुणालाही हे कधी ना कधी वाटलेलं असतं. पण तिचं तेवढ्यावर थांबत नव्हतं. घरी टीव्हीवरच्या जाहिरातीत मुद्दाम तिच्यासाठी काहीतरी सांगतात असं वाटायचं. ठरावीक नंबरच्या बसमध्ये ठरावीक माणसं तिच्यावर लक्ष ठेवायला बसतात असं वाटायचं, म्हणून ते नंबर लिहून ठेवलेले. संध्याकाळी मागच्या अंगणात कुणीतरी नावानं हाक मारतंय असं आठवड्यातनं दोन तीनदा ऐकू यायचं. आजी दोन वर्षांमागं वारली, तिची हाक असेल का म्हटलं तर म्हणाली आजीची हाक वेगळी, ती अधूनमधून येते आणि ती आली तर बरं वाटतं. ते मी बाजूला ठेवलं. मेलेल्या जवळच्या माणसाची चाहूल लागणं, हाक ऐकू येणं हे दुःखातलं नेहमीचं असतं, त्याला आजार म्हणू नये.

मग मी विचारलं, हे सगळं किती खरं वाटतं तुला, शंभरातले किती? ती म्हणाली, बसमध्ये असताना सत्तर ऐंशी, घरी येऊन बसलं की तीस. "मला कळतंय असं नसतंय म्हणून, पण त्या टायमाला वाटतंयच." हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. शंका शिल्लक होती. ज्याला उघड सायकोसिस म्हणतात, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटणं, त्यात ही शंका सहसा उरत नाही, माणूस ठाम असतो.

जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारलं. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. वाटतं म्हणाली, काही ठरवलेलं नाही, पण वाटतं. त्याच दिवशी आईला विश्वासात घेऊन शेतातली फवारणीची औषधं घरातनं हलवायला सांगितली, ती काकांकडं कुलपात गेली. मुलीला रात्री एकटी झोपवायची नाही हेही ठरलं. छेडछाड, घरात कुणाचा त्रास, मारहाण, हे पण विचारलं, तसं काही निघालं नाही. गांजा, दारू काही नाही. मुलांच्या केसमध्ये गांजाचं विचारायला लोक अजून संकोचतात, तर लहान वयात नि जास्त प्रमाणात गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचा धोका वाढतो हे पक्कं झालेलं आहे, तेव्हा संकोच करू नये.

धोका म्हणजे नक्की काय

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅक्गोरी, अॅलिसन युंग या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा धोका आधीच ओळखायचं काम सुरू केलं. कल्पना अशी की सायकोसिस उघड व्हायच्या आधी बऱ्याच जणांत एक काळ असतो, सौम्य लक्षणं असतात, त्या काळात मुलं सापडली तर मदत करता येईल. त्यांनी तीन गट धरले. पहिला, सौम्य स्वरूपातली लक्षणं, म्हणजे संशय, हाका, सावल्या, पण शंका शिल्लक. दुसरा, उघड लक्षणं पण आठवड्याच्या आतच आपोआप गेलेली. तिसरा, आईबाप किंवा सख्ख्या भावंडांत आजार आहे आणि मुलाची कामाची, अभ्यासाची ताकद अलीकडं घसरलीय. आमची मुलगी पहिल्या गटात बसत होती. आत्या सख्ख्या नात्यात धरत नाहीत. स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिस असणारा एक दीर्घ आजार, एकूण लोकांत आयुष्यभरात शंभरात एकाच्या आसपास, आईबाप किंवा भावंडात असेल तर साधारण दहात एक, आणि आत्या मामा म्हटलं की त्याहून बराच कमी. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलं असावं, कारण ते पहिल्यांदा मोकळेपणी बोलले.

पण या गटात बसलं म्हणजे आजार होणारच असं नाही, आणि हे मी दहा वेळा सांगेन. २०१२ मध्ये जगभरातल्या सत्तावीस अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात अशा धोक्यातल्या लोकांपैकी एका वर्षात साधारण २२ टक्के आणि तीन वर्षांत ३६ टक्के जणांना पुढं सायकोसिस झाला. नंतरच्या हिशोबात तीन वर्षांचा आकडा पंचवीस टक्क्यांवर आलाय. म्हणजे चारातल्या तिघांना तेवढ्या काळात होत नाही. आणि हे आकडे खास दवाखान्यांत आधीच निवडून आलेल्या मुलांचे, गावातल्या कुठल्याही पोराला लावायचे नाहीत.

कॉलेजवाल्यांनी मधे सुचवलं की अशी प्रश्नावली सगळ्या वर्गालाच द्या, सगळेच सापडतील. सोळा प्रश्नांची पीक्यू-१६ नावाची प्रश्नावली आहे, सहा किंवा जास्त हो आले की पुढं नीट तपासा असं तिचं धोरण. पण ती त्रास घेऊन आलेल्यांसाठी आहे. समजा हजार मुलांत दहाजण खरोखर पुढं आजारी पडणार आहेत आणि चाचणीनं त्यातले आठ पकडले. उरलेल्या ९९० तले दहा टक्के चुकून हो म्हणाले तरी नव्व्याण्णव पोरं उगाच यादीत येतात. १०७ मुलांची यादी कॉलेजात फिरली की आठांचं भलं व्हायच्या आधी बाकीच्यांच्या कपाळावर शिक्का बसला, आणि मुली असतील तर सोयरिकीपर्यंत तो जातो. म्हणून आम्ही नको म्हटलं. त्याऐवजी शिक्षकांना काय बघायचं ते सांगितलं.

समोर काय काय पर्याय होते

घरच्यांचे नि आमचे मिळून बरेच होते. आजोबांना वाटत होतं करणी आहे, आत्यावर झाली तीच, देवऋषी बघावा. मामांचं मत, सायन्स झेपत नाही, काढा कॉलेजातनं, पुढच्या वर्षी लग्न लावा, नीट होईल. लग्नानं नीट होतं हा समज आत्याच्या बाबतीत याच घरानं अनुभवला होता, तरी मामा म्हणतच होते. वडिलांच्या फौंड्रीतल्या एकानं मिरजेचा डॉक्टर सुचवला, एकानं कोल्हापूरचा. धारवाडला डिम्हान्स हे मानसिक आजारांचं हॉस्पिटल आहे, खानापूरहून अळणावरमार्गे जाता येतं, पण तिथं नुसतं नाव घेतलं की गावात "पोरीला धारवाडला नेली" एवढंच पुरतं, कारण आमच्या भागात धारवाडला नेणं म्हणजे वेडाच्या हॉस्पिटलात नेणं असाच अर्थ घेतात. बेळगावात सिव्हिलला दाखवणं, किंवा तालुक्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतो तिथं दाखवणं. हा कार्यक्रम १९९६ ला देशात सुरू झाला, त्याचा नमुना कर्नाटकातच बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सनं, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं, आधी करून बघितला होता, पण आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात हे मिळतं हे बऱ्याच घरांना माहीत नसतं.

आणि शेवटचा पर्याय, काहीच न करता बघत राहणं. हा पर्याय वाईटच असतो असं नाही. पण मुलीला मरावंसं वाटत होतं, ती झोपत नव्हती, म्हणून इथं तो नव्हता.

देवाचं आम्ही तोडलं नाही. आजोबांना सांगितलं, देवाला जा, नवस करा, पण उपाशी ठेवायचं नाही, मारायचं नाही, धुरी द्यायची नाही, आणि डॉक्टरचं थांबवायचं नाही. आजोबा कबूल झाले आणि शब्द पाळला त्यांनी.

शेवटी बेळगावातच दाखवायचं ठरलं. कारण साधं होतं, मुलगी रोज तिथं येतेच, दवाखान्यात गेली हे गावाला कळत नाही. आणि कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट, तेव्हा आईला बरोबर यायला खर्च नाही, वडिलांचा रोज बुडत नाही. नियमित येणं जमतं की नाही हे बऱ्याचदा असल्याच गोष्टींवर ठरतं.

काय केलं

डॉक्टर हुबळीकडचे, मराठी समजायचं पण बोलता येत नव्हतं, मुलगी कन्नडमध्ये असलं काही सांगू शकत नव्हती, म्हणून पहिल्या भेटींना मी मधे बसले. घरच्या माणसाला दुभाष्या करायचं नाही हे आम्ही पाळतो, मरणाचे विचार कुठली पोरगी आईच्या तोंडून डॉक्टरला सांगेल.

आधी रक्त तपासलं, थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. फिट येतात का, ताप येऊन काही झालं होतं का, हे विचारून झालं. या गोष्टी वगळल्याशिवाय मनाच्या आजाराकडं जायचं नसतं.

मग मोठा निर्णय, सायकोसिसचं औषध द्यायचं का. वडिलांचा आग्रह होता द्या, जे काय असेल ते द्या, बहिणीचं झालं ते नको. डॉक्टरांनी नाही म्हटलं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१४ ची सूचनाही अशीच आहे, की नुसता धोका आहे म्हणून किंवा धोका कमी व्हावा म्हणून अँटिसायकोटिक द्यायचं नाही, विचार नि वागणूक यावर काम करणारी सीबीटी ही बोलण्यातनं करायची थेरपी द्यायची, जमलं तर घरच्यांना धरून, आणि बरोबर असलेली उदासी, घबराट यावर उपचार करायचे. या औषधांनी वजन वाढतं, सुस्ती येते, साखर वाढू शकते, आणि चारातल्या तिघांना जे होणारच नाही त्यासाठी सतरा वर्षांच्या मुलीला ते का द्यायचं. पण डॉक्टरांनी वडिलांना हेही स्पष्ट सांगितलं की शंका गेली, आवाज रोज यायला लागले, ती ठाम झाली तर त्याच आठवड्यात आणा, मग औषध द्यायला उशीर करायचा नाही, कारण उघड सायकोसिस जितका काळ बिनाउपचार राहतो तितकं सुधारणं अवघड जातं. उदासीसाठी फ्लुओक्सेटिन कमी डोसात सुरू केलं, पहिले काही आठवडे जवळनं लक्ष ठेवायच्या बोलीवर.

माझ्याकडं दर आठवड्याला, पुढं पंधरा दिवसांनी. आधी झोप. पहाटे पाचला उठायचं म्हणून रात्री नवाला फोन आईकडं, आणि फोन शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही हे वडिलांना सांगून. मग बस. तिच्या मैत्रिणींतली एक कन्नड बोलणारी होती, आमच्या मुलीनं स्वतः ठरवून तिला एवढंच सांगितलं की मला बसमध्ये घाबरायला होतं. ती शेजारी बसायला लागली आणि बसमध्ये काय बोलतात ते सांगायला लागली, कुणाची सासू, कुणाचा आधार कार्ड हरवलेला, कंडक्टरशी भांडण. मुलगी रोज वहीत लिहायची, बसताना किती टक्के खात्री, उतरताना किती. दोनेक महिन्यांत सत्तरवरनं तीस पस्तीसवर आली. नंबर लिहायचं आपोआप कमी झालं. मी तिला कधीही "असं काही नसतं गं" म्हटलं नाही, वाद घातला की मूल बोलणं बंद करतं. दुसरं काय कारण असू शकेल एवढंच दोघी मिळून शोधायचो.

कॉलेजला सर्टिफिकेट लागत होतं हजेरीसाठी. त्यावर काय लिहायचं यावर चर्चा झाली. शेवटी वैद्यकीय कारणानं उपचार चालू आहेत एवढंच लिहिलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे, कॉलेजला आजाराचं नाव मागायचं कारण नाही. ती तेव्हा सज्ञान नव्हती म्हणून संमती वडिलांची घेतली, पण प्रत्येक गोष्ट तिला आधी विचारूनच.

मधे बिनसलं

वार्षिक परीक्षेच्या आधी तिला बरं वाटायला लागलं म्हणून घरच्यांनी फ्लुओक्सेटिन बंद केलं, कुणाला न विचारता. परीक्षेच्या जागरणात हाका परत वाढल्या, एका रात्री ती उठून अंगणात जाऊन "कोण हाय?" म्हणून ओरडली. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी आणली, ते ठरलेलं होतं म्हणून. त्या दिवशी डॉक्टर अँटिसायकोटिकच्या अगदी जवळ आले होते. पण तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली झोप नाही म्हणून झालंय बहुतेक, आणि हाका रात्रीच येतात, दिवसा नाहीत. शंका अजून होती. एक आठवडा झोपेवरच लक्ष द्यायचं, रोज फोन, आणि आठवड्यानं परत बघायचं असं ठरलं. रात्री अपरात्री काही झालं तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आठवड्यात ओसरलं. दोन पेपर तिनं सोडले.

आत्याचं

हे ठरवून केलेलं नव्हतं. वडील एकदा म्हणाले, पोरीला एवढं करतोय नि बहीण मागं पडून आहे. मग आत्याला दाखवलं, धारवाडला, वडीलच घेऊन गेले, आता गाव काय म्हणेल याची फिकीर त्यांना राहिली नव्हती. वीस वर्षांचा बिनाउपचार स्किझोफ्रेनिया. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं होतं, त्या आकड्यातलं एक माणूस या घरात होतं. औषधानं आत्या आता स्वतः अंघोळ करते, सगळ्यांबरोबर जेवायला बसते, भाताची लावणी असली की बांधावर येऊन बसते. बोलणं अजून तुटकच, आवाज पूर्ण गेलेले नाहीत. एवढ्या वर्षांनी एवढं झालं हेच खूप आहे, आणि विशीत महिनाभर खाल्लेल्या त्या गोळ्या चालू राहिल्या असत्या तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातनं जात नाही.

पुढं काय झालं

मुलीनं सायन्स सोडलं, आर्ट्सला गेली, त्यात एक वर्ष गेलं. सायन्स सोडणं योग्य होतं का यावर आमच्यात अजून एकमत नाही. मॅडमना वाटतं अजून सहा महिने थांबायला हवं होतं, ती काढू शकली असती. मुलगी म्हणते तिला मराठी नि इतिहास आवडतंय. आता पहिली लक्षणं दिसून दोन वर्षं होत आलीत, सायकोसिस झालेला नाही. हाक महिन्यातनं एखादी येते, बसमध्ये गर्दी असली की अजून खिडकीकडं तोंड करून बसते. डबा खाणारी मैत्रीण परत आली.

आम्ही आजार टाळला असं मी म्हणणार नाही. चारातल्या तिघांना तसाही होत नाही, ती कुठल्या गटातली होती हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ती झोपते, मरायचे विचार गेलेत, शिकतेय. धोका होता की नव्हता यापेक्षा त्रास होता, आणि त्रासावर उपचार झाले.

वेगळं काय करता आलं असतं

पालक सभेची वाट बघण्यात गेलेले दोन महिने वाचवता आले असते. मॅडमनी मुलीला पाच मिनिटं बाजूला घेऊन "झोप लागते का गं?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं, झोपेचं विचारल्यानं कुणाच्या घरी गैरसमज होत नाही. आता त्या कॉलेजात हेच करतात, आधी झोपेचं विचारतात.

पहिल्या भेटीपासूनच मुलाशी एकट्यानं बोलायची वेळ ठेवायला हवी. आमच्या गर्दीत ते जमत नाही, पण जमवायलाच हवं, नाहीतर पहिली भेट वाया जाते आणि काही मुलं दुसऱ्या भेटीला येतच नाहीत.

घरातल्या आजाराबद्दल विचारताना "कुणी वेडं आहे का" असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. "घरात कुणी एकटं एकटं राहतं का, कुणाचं लग्न मोडलं का, कुणाला गाणगापूरला नेलं होतं का" असं विचारलं असतं तर आत्या पहिल्या महिन्यातच कळली असती.

गोळ्या सुरू करतानाच बंद कधी नि कशा करायच्या हे लिहून द्यायला हवं होतं, मराठीत, कारण चिठ्ठी इंग्लिशमध्ये नि पिशवीवरचं कन्नडमध्ये. आता तसा कागद देतो.

धाकट्या भावाचं कुणीच बघितलं नाही. एक वर्ष सगळं घर बहिणीभोवती फिरत होतं, तो दहावीला आला, एकटाच अभ्यास करत होता. त्याच्यात काही लक्षणं नाहीत, पण त्याला काय चाललंय हे कुणी सांगितलं नव्हतं, तो आत्या नि बहीण बघून स्वतःबद्दल घाबरलेला होता. आता त्याच्याशी पण बोलणं झालंय.

आणि एक अजून सुटलेलं नाही. मुलगी अठराची पूर्ण झालीय, आता फाईल तिची, संमती तिची. घरी स्थळं यायला लागलीत, मामा परत मागं लागलेत. लग्न ठरायच्या आधी काही सांगायचं का, काय सांगायचं, हे तिनं ठरवायचं आहे, आणि तिनं आम्हाला विचारलंय. आमचं म्हणणं, निदान नाहीच तर आजार आहे असं सांगायचा प्रश्न नाही, पण लग्नाआधी शिक्षण पूर्ण कर, आणि ज्या माणसाजवळ झोपेचं नि हाकांचं बोलता येईल असा बघ. नाइसच्या सूचनेप्रमाणं अशा मुलांवर तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं असतं, तेव्हा अजून वर्षभर तरी ती येत राहील, दर दोन महिन्यांनी. डिग्रीला कुठं जाणार यावर पुढचं ठरेल, बेळगावातच राहिली तर सोपं, कोल्हापूरला गेली तर तिकडं कुणाकडं सोपवायची ते आत्तापासूनच शोधतोय.